होमची प्रो एडिशन करून घेताना लॅपटॉप फॉरमॅट करून आणू नये, ही विनंती

विंडोजची होम एडिशन बदलून प्रो करून घेण्यासाठी आमच्या दुकानात येणारे बरेच ग्राहक आदल्या रात्री लॅपटॉप स्वतःच फॉरमॅट करून आणतात. नवीन विंडोज ‘मारायची’ आहे, तर पाटी कोरी करूनच द्यावी, म्हणजे आमचा वेळ वाचेल, असा त्यामागचा सद्हेतू असतो. प्रत्यक्षात त्यामुळे तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते आणि काही वेळा ग्राहकाचे जे नुकसान होते, ते आम्हालाही भरून काढता येत नाही.

या घोटाळ्याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. व्हर्जन आणि एडिशन या दोन वेगळ्या गोष्टींना आपण मराठीत एकच ‘आवृत्ती’ हा शब्द वापरतो. विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाणे हा व्हर्जनमधील बदल आहे; त्यात होम असलेला लॅपटॉप होमच राहतो. होमवरून प्रोवर जाणे हा एडिशनमधील बदल असून त्यात व्हर्जन आहे तेच राहते. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून अपडेट मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी होम आणि प्रो या दोन्ही एडिशनसाठी एकाच दिवशी संपला, त्यामुळे केवळ अपडेट चालू राहावेत म्हणून विंडोज १० ची प्रो करून घेण्यात काही अर्थ नाही.

एडिशन बदलण्यासाठी डिस्कवरील काहीही पुसावे लागत नाही. प्रोसाठी लागणारा बराचसा भाग होमच्या मांडणीत आधीपासूनच असतो. सेटिंग्जमधील सिस्टिम या विभागात, ॲक्टिव्हेशन या पानावर २५ अक्षरांची प्रोची प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, दिली की तो खुला होतो, लॅपटॉप पुन्हा सुरू होतो आणि तुमच्या फाइल्स, प्रोग्रॅम आणि प्रिंटरची जोडणी जागच्या जागी राहते. होम सिंगल लँग्वेज ही एडिशन असली तरी मार्ग हाच आहे. उलट दिशेने, म्हणजे प्रोवरून होमवर, मात्र असे सहज परतता येत नाही; त्यासाठी विंडोज नव्यानेच टाकावी लागते.

आता फॉरमॅट केल्यावर काय होते ते पाहू. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या लॅपटॉपसोबत येणाऱ्या विंडोजची प्रॉडक्ट की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, डिस्कबाहेरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) साठवून देतात. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतली की सेटअप ती की स्वतःहून वाचतो आणि कोणती एडिशन हवी हे न विचारताच पुन्हा होम टाकतो. रात्रभर जागून डिस्क पुसलेल्या ग्राहकाच्या हाती त्यामुळे पुन्हा होमच येते आणि एडिशनचा बदल होता तेवढाच शिल्लक राहतो. मधल्या मध्ये वाय-फाय आणि टचपॅडचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) गेलेले असतात, मूळ विंडोज परत आणण्यासाठी कंपनीने डिस्कवर राखलेले रिकव्हरी पार्टिशन पुसलेले असते आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमचा परवाना पुन्हा मिळवावा लागतो. काही लॅपटॉपवर तर साठवणुकीचा ड्रायव्हर वेगळा दिल्याशिवाय सेटअपला डिस्कच दिसत नाही, आणि ग्राहक डिस्क बिघडली असे समजून धास्तावून येतात.

याहून गंभीर बाब पुसलेल्या फाइल्सची आहे. जुन्या हार्ड डिस्कवरून फॉरमॅटनंतरही पुष्कळ काही परत मिळवता येत असे, आणि ‘तुम्ही काढून द्याल ना?’ हा प्रश्न त्याच काळातला आहे. आजच्या एसएसडीमध्ये पुसलेली जागा डिस्क स्वतःच रिकामी करून टाकते. शिवाय अनेक लॅपटॉपवर, होम एडिशन असली तरी, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करताच डिस्कचे एन्क्रिप्शन (माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात साठवणे) आपोआप सुरू झालेले असते, आणि ते सुरू आहे हे बहुतेकांना ठाऊकही नसते. फॉरमॅटबरोबर त्या एन्क्रिप्शनची किल्लीही जाते. अशा डिस्कवरून काही परत मिळेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. असे आश्वासन कोणी दिले, तर ते तपासून घ्यावे.

याच कारणासाठी लॅपटॉप ताब्यात घेताना आम्ही एन्क्रिप्शन असलेली डिस्क उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की विचारतो. काही ग्राहकांना ही चौकशी अवास्तव वाटते. परंतु फर्मवेअरमधील एखादे सेटिंग बदलले, तरी लॅपटॉप ती की मागून अडून बसू शकतो, आणि ती सहसा ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातच असते. आमच्याकडे ती असण्याचे कारण नाही. तुमचा पासवर्ड आम्हाला नको. खाते स्वतः उघडून ती की कागदावर उतरवून आणावी, एवढेच पुरेसे आहे.

आमच्या आकारणीबद्दलही विचारणा होते: काम की टाकण्याचेच असेल, तर एवढा वेळ कसला लावता? तो वेळ आधी संपूर्ण बॅकअप घेण्यात, विंडोजचे रखडलेले अपडेट पूर्ण करण्यात आणि बदलानंतर तुमचे प्रोग्रॅम एकेक उघडून पाहण्यात जातो. इंटरनेटवर अगदी नगण्य किमतीत मिळणाऱ्या प्रॉडक्ट की आम्ही टाकत नाही, ग्राहकाने आणून दिल्या तरीही. त्यांतील कित्येक मोठ्या संस्थांना गठ्ठ्याने दिलेल्या परवान्यांच्या असतात. त्यांच्या एका प्रकारात लॅपटॉपला १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडून ॲक्टिव्हेशन नव्याने घ्यावे लागते; ते न मिळाल्यास सहा महिन्यांनी ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ हा मजकूर पडद्यावर येतो आणि ग्राहक आमच्याकडे येतो.

प्रो सर्वांनाच लागते, असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून आपल्याच लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉपने काम करायचे असेल, बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजमधील डिस्क एन्क्रिप्शनचे, सर्व पर्याय हवे असतील, विंडोजच्याच हायपर-व्ही या सोयीने आभासी संगणक चालवायचे असतील, किंवा कार्यालयाच्या डोमेनला (एकत्र नियंत्रित होणाऱ्या संगणकांच्या जाळ्याला) लॅपटॉप जोडायचा असेल, तर प्रो घ्यावी. आपल्या लॅपटॉपवरून दुसऱ्या संगणकाला जोडून घेणे होममध्येही जमते. लॅपटॉप संथ चालतो म्हणून प्रो हवी असेल, तर थांबावे, कारण तिने वेग वाढत नाही. तोच खर्च रॅम वाढवण्यावर किंवा जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्यावर करावा, असे आम्ही काउंटरवरच सांगतो आणि ते कामही करून देतो.

येताना लॅपटॉप आहे त्या स्थितीत, चार्जरसह आणावा. कीबोर्डवरील विंडोजचे बटण आणि आर हे अक्षर एकत्र दाबून ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजीत टाइप केल्यास व्हर्जन आणि एडिशन दोन्ही एकाच चौकटीत दिसतात. त्या चौकटीचा फोटो आधी पाठवल्यास योग्य की आम्ही तयार ठेवतो.

काम झाल्यावर लॅपटॉपसोबत आम्ही एक चिठ्ठी देतो, तिच्यावर तुमची प्रोची की लिहिलेली असते. फर्मवेअरमधील होमची जुनी की एडिशन बदलल्यावरही तिथेच राहते. त्यामुळे पुढे कधी कोणी हा लॅपटॉप फॉरमॅट केला, तर होमच येईल आणि प्रो ‘उडाली’ असे वाटेल. अशा वेळी चिठ्ठीवरील की ॲक्टिव्हेशनच्या पानावर पुन्हा द्यावी. त्यासाठी आमच्याकडे येण्याचीही गरज नाही.