भूल दिलेल्या डोळ्याला विचारायचं कसं?

जुन्या सायकलच्या ट्यूबला झिजल्या जागी फुगा येतो, तसाच मेंदूतल्या धमनीलाही येतो. हा अ‍ॅन्युरिझम. डोळ्याला रक्त पुरवणारी ऑफ्थॅल्मिक धमनी जिथे मुख्य धमनीतून फुटते, नेमका तिथेच तो आला की सर्जनची पंचाईत होते. कारण डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारी दृष्टिनाडी तिथून हाकेच्या नव्हे, केसाच्या अंतरावर असते. जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाडीच्या या दोरीत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

फुग्याच्या मानेला चिमटा लावून आत जाणारं रक्त अडवायचं, हे तत्त्व १९३७ मध्ये वॉल्टर डँडी यांनी बाल्टिमोरला वापरलं, तेव्हापासूनचं. पण इथे मानेच्या आड हाडाचं एक टोक येतं. ते हिऱ्याच्या ड्रिलने खरवडावं लागतं. ड्रिल नाडीला शिवलंही नाही, तरी नुसत्या उष्णतेने ती भाजू शकते, म्हणून गार सलाइनची धार चालूच ठेवतात. नाडीवर विळ्याच्या आकाराचा एक चिवट पडदा असतो. फुग्याने खालून रेटलेली नाडी त्याच्या धारेवर दाबली जाते. तो पडदा आधी कापायचा, नाडी सैल करायची आणि मगच फुग्याला हात लावायचा. तिला खालून रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्याही सांभाळायच्या, आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक काम तेच.

पण रुग्ण तर झोपलेला. ‘दिसतंय का?’ हे विचारणार कुणाला?

मिटलेल्या पापण्यांवर एलईडीचे चष्मे बसवून प्रकाश लुकलुकवतात आणि डोक्याच्या मागच्या बाजूला लावलेल्या इलेक्ट्रोडवर मेंदूची विद्युत लहर टिपतात. लहर इतकी क्षीण असते, की शंभरेक नोंदींची सरासरी काढावी लागते. वायुरूप भूल तिला आणखी दाबते, म्हणून शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध देतात. लहरीची उंची निम्म्यावर आली की सर्जन हात थांबवतो. मात्र चष्माच सरकला असेल तर? प्रकाश डोळ्यात पोचतोय ना, हे कळावं म्हणून रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, प्रतिसादही सोबत नोंदवतात. एवढं करूनही ही चाचणी कधी कधी फसते: लहर शाबूत राहते आणि दृष्टीचा एखादा कोपरा गेलेला असतो.

चिमटा बसला की शिरेत हिरवा रंग सोडतात. रक्तासोबत तो जिथे पोचतो, तिथे सूक्ष्मदर्शकाच्या इन्फ्रारेड प्रकाशात चमकतो; म्हणून फुगा काळा राहायला हवा आणि शेजारची ऑफ्थॅल्मिक धमनी उजळायला हवी. ती उजळली नाही, तर चिमटा काढून पुन्हा बसवायचा.