हेल्मेटची काच आतून धुकट होते? आधी हे वाचा, मग खरेदी करा
(गोव्यातील फोंडा येथील आमच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी)

जून लागला की काउंटरवर एकच तक्रार सुरू होते: काचेवर वाफ धरते, पुढचे काही दिसत नाही, दुसरी चांगली काच द्या. काच आम्ही विकतोच, पण नव्या काचेवरही बहुतेक वेळा तीच वाफ धरते. दोष काचेचा नसतो.

ही वाफ आपल्याच श्वासाची असते. सोडलेला श्वास साधारण ३४ अंशांच्या आसपास उबदार आणि पाण्याच्या वाफेने भरलेला असतो. जुलैत बाहेरची हवा २५-२६ अंशांवर येते, आणि पावसाचे पाणी व वारा काचेला आणखी गार करतात. फ्रीजमधून काढलेल्या सोड्याच्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो, तसा हेल्मेटच्या काचेला आतून फुटतो. मे महिन्यात हवा दमट असूनही हा त्रास नसतो, कारण तेव्हा काच तापलेली असते. चोर्ला किंवा अनमोड घाटात तो सगळ्यात जास्त होतो. वर हवा गार, ढग रस्त्यावर उतरलेले आणि वळणांमुळे वेग कमी, त्यामुळे श्वास वाहून न्यायला आत वाराच नसतो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: श्वासाला वाट द्या. हनुवटीवरची आणि डोक्यावरची झरोक्याची बटणे पावसाळ्यात बरेच जण बंद करून टाकतात, पाणी आत येईल म्हणून. थोडे पाणी येईलही. पण वाफ त्याच वाटेने बाहेर जाते. सिग्नलला किंवा बाणस्तारीच्या पुलावर रांगेत थांबलात तर काच एक खाच वर करा आणि गाडी हलली की पुन्हा खाली घ्या. काही हेल्मेटना हनुवटीखाली कापडी पडदा असतो. तो थंड प्रदेशासाठी आहे. आपल्याकडे पावसाळ्यात काढून ठेवा. नाकावर रुमाल बांधून वरून हेल्मेट घातले तर श्वास सरळ डोळ्यांकडे चढतो आणि चष्मा असेल तर दोन्ही काचा एकदम जातात. त्यापेक्षा नाकावर बसणारा रबरी ब्रेथ गार्ड बसवा. तो श्वास खाली वळवतो. त्याचा उपयोग होतो, पण तो नाकाला नीट चिकटून बसला तरच.

दुसरी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही: ओले पॅडिंग. हेल्मेट आरशाला उलटे अडकवून ठेवले की पावसाचे पाणी आत साचते. मग दिवसभर ते पाणी आपल्या डोक्याच्या उबेने वाफ होऊन काचेवर चढते. हेल्मेट डिकीत ठेवा, किंवा निदान तोंड खाली करून छपराखाली. गालाचे पॅड निघत असतील तर रात्री काढून पंख्याखाली ठेवा. इस्त्री किंवा चुलीजवळ नको. पॅड दोन-दोन दिवस वाळत नाहीत हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून दिवसभर स्टँडवर असणाऱ्या पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाल्या) मंडळींना आम्ही पॅडचा दुसरा जोड घ्यायला सांगतो.

आता अँटी-फॉग, म्हणजे वाफ धरू न देणारा, स्प्रे आणि साबण. दोघांचे काम एकच आहे. वाफेचे बारीक थेंब काचेवर सुटे सुटे बसले की समोरच्या ट्रकचा दिवा त्यांच्यावर फुटतो आणि सगळी काच पांढरी होते. साबणाचा थर असला की थेंब न बनता पाणी पातळ पसरते, आणि त्यातून आरपार दिसते. भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक बारीक ठिपका बोटावर घ्या, काच कोरडी असताना आतून सगळीकडे पसरवा, वाळू द्या आणि मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा, रेघा जाईपर्यंत. जास्त साबण लावलात तर रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील आणि ओघळ डोळ्यांत जाईल. हे एक-दोन दिवस टिकते. बाटलीतला स्प्रे थोडा जास्त. काचेवर कंपनीचाच अँटी-फॉग थर असेल तर मात्र दोन्हींतले काहीही लावू नका, थर खराब होतो.

पाणी निथळावे म्हणून मिळणारे वॅक्स किंवा लिक्विड प्लास्टिकला चालणारे असेल तरच काचेच्या बाहेरच्या बाजूला लावा, आतून कधीच नको. त्याने थेंब गोल बनतात आणि धुके वाढते. टूथपेस्टने चरे पडतात. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर तर पूर्ण वर्ज्य. आपण ‘काच’ म्हणतो ती पॉलीकार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच, आणि त्यात अशा द्रव्यांनी बारीक तडे येतात.

खरा टिकाऊ उपाय पिनलॉक. काचेच्या आत, दोन पिनांमध्ये, एक पातळ दुसरी काच (इन्सर्ट) बसते. तिच्या कडेला सिलिकॉनची बारीक किनार असते आणि दोन काचांमध्ये हवा बंद राहते. बाहेरची काच पावसाने गार झाली तरी आतली तितकी गार होत नाही, आणि शिवाय ती काही ओल स्वतःत शोषून घेते. दुकानात आम्ही बसवून देतो. घरी बसवायची तर मोठी काच हेल्मेटवरून काढा, दोन्ही हातांनी थोडी सरळ करा, इन्सर्ट दोन्ही पिनांत अडकवा आणि मग सोडा. उजेडासमोर धरून बघा: सिलिकॉनची रेघ चारही बाजूंनी सलग टेकलेली दिसली पाहिजे. दोन काचांच्या मध्ये वाफ दिसली तर समजा की कुठे तरी फट आहे. पिन किंचित फिरवली की ताण वाढतो. जोर लावू नका. वरचा संरक्षक पापुद्रा शेवटी काढा. तो काढायला विसरून ‘अंधुक दिसते’ म्हणत परत येणारे दरवर्षी असतात. इन्सर्ट ओले असताना पुसू नका, तेव्हा ते मऊ असते आणि ओरखडे पडतात. त्यावर स्प्रे नको.

पिनलॉक प्रत्येक हेल्मेटला बसत नाही. काचेच्या आत दोन बाजूंना पिना आहेत का ते पाहा, आणि इन्सर्ट त्याच मॉडेलच्या काचेचे घ्या. पिना नसतील तर कडेला चिकटवायचे साधे इन्सर्ट मिळते. ते पिनलॉकइतके चांगले नाही, पण फोंडा ते कुंडई रोज जाणाऱ्याला पुरते.

काळपट काच उन्हासाठी ठीक. रात्री आणि पावसात पांढरी, म्हणजे पारदर्शकच लावा. जुन्या काचेवर खूप चरे असतील तर कुठलाही स्प्रे उपयोगाचा नाही, काच बदला. येताना हेल्मेट सोबत आणा, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या काचाही एकमेकींना बसत नाहीत. आयएसआय चिन्ह आणि हेल्मेटच्या भारतीय मानकाचा आयएस ४१५१ हा क्रमांक हेल्मेटवर आहे का ते आम्ही त्याच वेळी पाहून सांगू. चवथीच्या आधीच्या आठवड्यात दुकानात गर्दी असते, इन्सर्ट बसवून घ्यायचे असेल तर सकाळी या.