मूर्तीविनाची वारी : विम्बल्डनच्या दुसऱ्या क्लबची गोष्ट

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. पण लंडनच्या त्याच उपनगरात १८८९ पासून एक फुटबॉल क्लबही होता. प्लाउ लेनवरचं त्याचं मैदान जुनाट, पाठीराखे मोजके. तरी १९८८ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या मानाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या क्लबने बलाढ्य लिव्हरपूलला १-० असं हरवलं. लॉरी सांचेझचा गोल आणि गोलरक्षक डेव्ह बीझंटने अडवलेली पेनल्टी, एवढ्या शिदोरीवर तिथल्या लोकांनी पुढचे वाईट दिवस काढले.

वाईट दिवस मैदानामुळे आले. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर मोठ्या क्लबांना प्रत्येक प्रेक्षकासाठी खुर्ची देणं भाग पडलं. प्लाउ लेनवर ते जमण्यासारखं नव्हतं. १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर भाडेकरू म्हणून गेला आणि तात्पुरतं म्हणून थाटलेलं ते बिऱ्हाड दहा वर्षं हललं नाही. स्वतःचं मैदान नाही, मालक बदललेले, तोटा वाढता. अशात मिल्टन कीन्सहून बोलावणं आलं. ते शहर सुमारे नव्वद किलोमीटरवर. २८ मे २००२ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी स्थलांतराला परवानगी दिली. पाठीराख्यांनी नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही अहवालात होतं. भक्तांना विचारायचं नाही आणि वर त्यांचं हित कशात आहे तेही आपणच सांगायचं, असा तो मामला.

विठ्ठलाची मूर्ती कृष्णदेवरायाने विजयनगरला नेली आणि संत भानुदासांनी ती पंढरपूरला परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. विम्बल्डनकरांना मूर्ती परत मिळण्याची आशा नव्हती. ते तिच्याविनाच चालू लागले.

पाठीराख्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला. जूनमध्ये त्यांनी विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर निवड चाचणी ठेवली. खेळू शकेल त्याने यावं, एवढीच अट. दोनशेहून जास्त जण आले. १० जुलैला सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. एएफसी विम्बल्डनने चार गोल खाल्ले, एकही केला नाही. तरी बघायला साडेचार हजारांवर माणसं होती. त्या हंगामात अगदी खालच्या लीगमधल्या या संघाला जुन्या क्लबपेक्षा सरासरी जास्त गर्दी झाली. क्लबची मालकी पाठीराख्यांच्या ट्रस्टकडे ठेवली, एका सभासदाला एक मत. याची झळही लागते, कारण मोठा पैसा ओतणारा शेठ नसतो आणि बैठका लांबतात.

जुना क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला गेला, पुढच्या वर्षी त्याने नावही बदललं. २००७ मध्ये १९८८ च्या विजयाचा वारसा विम्बल्डन ज्या मर्टन बरोत, म्हणजे लंडनच्या स्थानिक पालिकेत येतं, तिच्याकडे सोपवण्यात आला. नव्या क्लबने नऊ हंगामांत वरच्या लीगमध्ये पाच बढत्या मिळवल्या आणि २०११ मध्ये ल्यूटनला पेनल्टींवर हरवून व्यावसायिक लीग गाठली.

राहिलं होतं ते घर. जुन्या मैदानापासून काही पावलांवर, जिथे पूर्वी ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती होत, तिथे नवं स्टेडियम उभं राहिलं. पैसा कमी पडला तेव्हा पाठीराख्यांनी रोखे विकत घेऊन पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकास्टरविरुद्ध तिथे पहिला सामना झाला, २-२ असा बरोबरीत सुटला. एकोणतीस वर्षांनी प्लाउ लेनवर परत आलेला संघ रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळला. कोविडमुळे प्रेक्षकांना आत बंदी होती.