एअरबॉक्सला पाडलेलं भोक

पुतण्याने मोटरसायकल दारात लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, एक चक्कर मारून बघा. इंजिन आता मोकळा श्वास घेतंय." सीटखालच्या एअरबॉक्सच्या, म्हणजे इंजिनाला गाळलेली हवा पुरवणाऱ्या डब्याच्या, झाकणाला त्याने ३ सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडलं होतं. हवा आत घेणारी मूळची रबरी नळी जागच्या जागी होती, भोक हा जोडीचा रस्ता. आवाज भरदार झाला होता. थ्रॉटल पिळला की मांडीखालून घुमणारा हुंकार यायचा आणि गाडीत जोर आलाय असं मलाही वाटलं.

मग आम्ही घड्याळ लावलं. टॉप गिअरमध्ये ताशी ४० पासून ७० किलोमीटरपर्यंत, एकाच सपाट रस्त्यावर, जाताना आणि येताना. आधी भोक उघडं ठेवून, मग त्यावर जाड चिकटपट्टी लावून. दर वेळी पट्टी लावलेली गाडी आधी सत्तरला पोचली. पुतण्याचा चेहरा पडला, मला मात्र लिहायला विषय मिळाला. कारण या भोकामागचं विज्ञान मला फार आवडतं, आणि ते जितकं सांगितलं जायला हवं तितकं सांगितलं जात नाही.

"जास्त हवा म्हणजे जास्त ताकद" हे वाक्य खरंच आहे. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, घोडं अडतं ते हवेपाशी. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. १५० सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन ८००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८००० फेऱ्यांना, मिनिटाला ४००० वेळा हवा ओढतं. दर वेळी सिलिंडर पूर्ण भरला असं धरलं, तर मिनिटाला ६०० लिटर हवा होते. वजनात सुमारे ७२० ग्रॅम. तिच्यासोबत पेट्रोल जातं फक्त ४९ ग्रॅम. आणि पिस्टनला वरून खाली यायला वेळ मिळतो चार मिलिसेकंदांपेक्षाही कमी. एवढ्यात सिलिंडर भरायचा. तो किती भरतो, यावर सगळा खेळ.

गल्लत होते ती पुढे. इंजिन म्हणजे सतत हवा ओढणारा पंखा, आणि एअरबॉक्स म्हणजे त्याच्या तोंडावर धरलेला हात, असं चित्र डोक्यात बसलेलं असतं. पंख्याच्या बाबतीत ते बरोबर ठरलं असतं. पण एका सिलिंडरचं इंजिन सलग ओढत नाही, घोट घेतं. एक घोट, मग तीन स्ट्रोक (पिस्टनच्या तीन खेपा) हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बंद, मग पुन्हा घोट. हवेला वजन आहे, आणि वजन असलेली वस्तू अशी हिसक्याहिसक्याने हलवली की ती झोके घ्यायला लागते.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारून बघा. 'भूं' असा एक ठरावीक सूर निघतो. बाटलीत थोडं पाणी घाला, सूर चढतो. एकोणिसाव्या शतकात हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने अशा पोकळ भांड्यांचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून त्यांना हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. यात दोनच गोष्टी असतात. बाटलीच्या मानेतली हवा ही दट्ट्यासारखी, सगळी एकत्र आतबाहेर हलणारी. आणि पोटातली हवा ही स्प्रिंग, दाबली की उसळणारी आणि ताणली की मागे खेचणारी. स्प्रिंगला वजन टांगलं की ते आपल्या ठरलेल्या गतीनेच वरखाली होतं, तसंच हे.

एअरबॉक्स म्हणजे अशीच एक बाटली. पोट म्हणजे डबा, मान म्हणजे ती रबरी नळी. समजा डबा ५ लिटरचा आहे, नळीचा व्यास ३ सेंटिमीटर आणि लांबी साधारण १४. नळीच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही दट्ट्यासोबत हलते, म्हणून हिशेबात लांबी १६ धरायची. या दट्ट्याचं वजन किती? सुमारे १३६ मिलिग्रॅम. इतक्याशा हवेवर एवढी मदार आहे हे मला आजही थक्क करतं.

आता तिची झोक्याची गती. मानेचं क्षेत्रफळ घ्या, त्याला मानेची लांबी आणि पोटाचं घनफळ यांच्या गुणाकाराने भागा, वर्गमूळ काढा, आणि ध्वनीच्या वेगाला २π ने भागून जे येईल त्याने गुणा. ज्यांना आकडेमोड नको त्यांनी उत्तर घ्यावं: सेकंदाला सुमारे ५१ झोके. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एक घोट घेतं, म्हणजे सेकंदाला ५१ घोट होतात साधारण ६१०० आरपीएमला. त्या सुमारास घोट आणि झोका यांची लय जुळते.

लय जुळल्यावर काय होतं? इंजिनाने घोट घेतला की डब्यातला दाब उतरतो. बाहेरची हवा नळीतून आत धावते. डबा भरला तरी ती लगेच थांबत नाही, तिच्यात वेग आहे, त्या भरात ती आत कोंबली जाते आणि डब्यातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वर जातो. नेमक्या त्याच वेळी व्हॉल्व्ह पुन्हा उघडला, तर सिलिंडरला दाबलेली हवा मिळते. झोपाळ्यावरच्या पोराला मागे पोचल्यावर हलकासा धक्का द्यावा, तसं. वेळ साधली तर बोटभर जोर पुरतो, वेळ चुकली तर तोच धक्का झोका मोडतो. लय गाठण्याच्या जरा आधीपासून या मदतीचा उंचवटा सुरू होतो, आणि बनवणारे तो रोज लागणाऱ्या आरपीएमच्या पट्ट्यात आणून बसवतात.

आणि आता भोक. ते नळीइतक्याच व्यासाचं, ३ सेंटिमीटर. मग वाट दुप्पट झाली, एवढाच फरक पडायला हवा, नाही का? नाही. नळी १४ सेंटिमीटर लांब आहे, पण झाकणाचं प्लास्टिक जेमतेम २ मिलिमीटर जाड. बाहेरची हलणारी हवा धरूनही भोकाची मान पावणेतीन सेंटिमीटरच भरते. म्हणजे दट्ट्या एकदम हलका झाला. हिशेब पुन्हा मांडला तर झोक्याची गती ५१ वरून सेकंदाला सुमारे १३३ वर जाते. जुळणीची जागा ६१०० वरून जवळजवळ १६,००० आरपीएमला. ही गाडी तिथे कधीच पोचत नाही. भोक पाडून त्याने रस्ता रुंद केला हे खरं, पण वाद्य बेसूर केलं.

खऱ्या डब्यात फिल्टर असतो, तो झोका थोडा दाबतो, भिंती लवतात, आकार वेडावाकडा असतो. त्यामुळे खरा उंचवटा माझ्या हिशेबाइतका टोकदार नसतो आणि आकडे थोडे इकडेतिकडे होतात. दिशा मात्र हीच.

व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटरचं (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं) तोंड यांच्यामधल्या नळीत आणखी एक खेळ चालतो, ध्वनिलहरींचा. पिस्टन खाली येताना विरळ दाबाची लहर उघड्या टोकाकडे धावते आणि तिथून उलटून दाट होऊन परतते, बासरीच्या उघड्या टोकाशी होतं तसंच. ती व्हॉल्व्ह मिटायच्या जरा आधी पोचली तर शेवटची हवा आत ढकलते. आरपीएम वाढला की तिला वेळ कमी मिळतो, म्हणून वरच्या आरपीएमला नळी आखूड हवी आणि खालच्या आरपीएमला लांब. यामाहाने २००७ च्या आर१ मोटरसायकलमध्ये गाडी चालू असतानाच लांबी बदलणारी फनेलं (हवा आत घेणारी कर्ण्यासारखी तोंडं) बसवली ती याच कारणाने.

बाजारात एअर इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, बसवायची पंख्यासारखी पाती मिळतात. हवा भोवऱ्यासारखी फिरवून ताकद आणि मायलेज वाढवतात, असा दावा. भोवरा फिरवायला ऊर्जा लागते, ती हवेच्या दाबातूनच जाते, आणि पुढे थ्रॉटल व व्हॉल्व्ह ओलांडताना तो भोवरा मोडतो. पेट्रोलच्या नळीला बांधायचं लोहचुंबकही त्याच माळेतलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली, लक्षणीय फरक पाडणारं त्यांत एकही सापडलं नाही. अशा वस्तू विकणाऱ्याकडे आधी मोजमाप मागावं, आणि ते नसेल तर पैसे परत खिशात घालावेत.

मायलेजचा मुद्दा वेगळाच आहे. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल, म्हणजे मूठ पिळली की उघडणारा हवेच्या वाटेतला पडदा, अर्धवट मिटलेला असतो, आणि हवेच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा तोच असतो. तो आपण मुद्दाम ठेवतो. त्याच्या मागचा फिल्टर थोडा मोकळा केला तर आपण थ्रॉटल तेवढाच कमी उघडतो, संपलं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मोटारींना मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिलं. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, पण पूर्ण थ्रॉटलला वेग घेणं मंदावलं. म्हणून फिल्टर स्वच्छ ठेवा, पण त्यातून लिटरमागे जास्त किलोमीटर निघतील ही आशा धरू नका.

डबा काढून कार्ब्युरेटरला थेट कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) लावतात, तेव्हा तो इंजिनाच्या धगीत येतो. ३० अंशांची हवा ५० अंशांची झाली की सुमारे ६ टक्के विरळ होते. जेवढं कमवायला निघालो होतो, तेवढं इथेच गळून जाऊ शकतं. समोरून येणारा वारा मदत करेल म्हणावं, तर ताशी १०० किलोमीटरला त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. ताशी ३०० ला तो ४ टक्क्यांच्या वर जातो. १९९० च्या कावासाकी झेडझेडआर११०० सारख्या अतिवेगवान गाड्यांत रॅम एअरला (समोरचा वारा डब्यात कोंबण्याला) अर्थ आहे तो म्हणून.

इनटेक बदलून ताकद वाढतच नाही, असं मी म्हणत नाही. शर्यतीच्या गाड्या वाढवतातच. मूळ डब्यावर आवाजाच्या नियमांचंही बंधन असतं, त्यामुळे वरच्या आरपीएमला काही ताकद मोकळी करायला जागा उरते. पण ती मिळवायची तर सायलेन्सर, इनटेक आणि इंधन तिन्ही एकत्र हलवावी लागतात आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मोजावी लागतात. सोपी पण दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कडा. धारदार कडेच्या भोकातून हवा शिरते तेव्हा ती आकसते, प्रवाह भोकाच्या साधारण ६० टक्के जागेतूनच जातो. तीच कड कर्ण्यासारखी गोलसर केली तर जवळपास पूर्ण तोंड कामी येतं. कापून मोठं केलेल्या तोंडापेक्षा गोल कडेचं लहान तोंड बऱ्याचदा सरस ठरतं.

पुतण्याच्या गाडीचा प्लग आम्ही काढून पाहिला. टोकाचं सिरॅमिकचं आवरण पांढरंफटक पडलं होतं. गाडी कार्ब्युरेटरची. डब्यातल्या किंचित कमी दाबाचा जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल ओढायला हात लागतो, तो भोकाने गेला होता. मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, इंजिन तापलेलं. शिवाय भोक फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूला पडलं असतं तर धूळ थेट आत गेली असती. धुळीत क्वार्ट्झ असतं, कठीणपणाच्या दहाच्या मापात सातवं, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासायला पुरेसं. नशिबाने ते अलीकडच्या बाजूला होतं.

कापलेली चकती त्याने खिळे ठेवायच्या डब्यात जपून ठेवली होती. एपॉक्सीने ती जागेवर बसवली आणि रात्रभर सुकू दिली. सकाळी थ्रॉटल पिळला तेव्हा तो हुंकार गेला होता आणि पिकअप परत आला होता.