गुलाबी मीठ आणि गळ्यातली ग्रंथी

मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून होणारी आयात बंद झाली, तेव्हा आमच्या बडोद्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर हळहळ झाली ती सैंधवाची. पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं हे मीठ पूर्वी एकादशी-चतुर्थीपुरतं डब्यात असे, आता रोजच्या आमटीत पडतं. सोबत ठरलेला संदेश: ‘आयोडीनच्या मिठाने थायरॉईड होतो; सैंधवात ८४ खनिजं असतात.’ देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ ज्या गुजरातेत पिकतं, तिथे बसून हे वाचायचं!

खनिजांचं आधी उरकतो. सैंधव म्हणजे जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. उरलेली खनिजं इतकी किरकोळ की ती पुरेशी मिळेपर्यंत रक्तदाब आधी गाठेल.

मग आपल्या समुद्री मिठात तरी आयोडीन असेलच ना? हिशेब करून पाहा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन. सगळं मिठात उतरलं असं धरलं, तरी ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅमसुद्धा पडत नाही. प्रत्यक्षात मीठ धरताना बरंचसं मागेच राहतं. प्रौढाची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची २५०. म्हणून मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात: ग्राहकाच्या हाती पडताना ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवं, असा आपल्याकडचा नियम आहे.

पुढचा प्रवास मला फार आवडतो. आतड्यापर्यंत आयोडेटचं आयोडाइड होतं आणि रक्तात मिसळतं. रक्तात ते इतकं विरळ की गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला अक्षरशः वेचून घ्यावं लागतं. तिच्या पेशींच्या भिंतीत एक वाहक प्रथिन असतं. पेशीच्या आत सोडियम कमी, बाहेर जास्त. आत शिरायला आतुर असलेल्या दोन सोडियम आयनांबरोबर हे प्रथिन एक आयोडाइड आयन आत ओढतं. म्हणजे आयोडीन गोळा करायलाही सोडियमच लागतं! अशाने ग्रंथीत आयोडाइड रक्ताच्या वीस-चाळीस पट साठतं. मग ते थायरोग्लोब्युलिन या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लाला जोडलं जातं आणि चार आयोडीन अणूंचं थायरॉक्सिन हे संप्रेरक (हार्मोन), म्हणजे टी-४, बनतं.

रक्तात टी-४ घटलं की मेंदूतळाची पियूषिका (पिट्युटरी) टीएसएच हे संप्रेरक सोडते. टीएसएच थायरॉईड ग्रंथीला दोन हुकूम देतं: जास्त वेच आणि वाढ. आयोडीन मिळालं तर टी-४ वाढतं, टीएसएच उतरतं, गाडी रुळावर. नाही मिळालं तर हुकूम सुटतच राहतात. कच्चा माल नसलेल्या कारखान्यात मजूर भरत राहावेत, तशी ग्रंथी फुगत जाते. हेच गलगंड. गळ्यात ताईत बांधून पियूषिकेला काही कळत नाही.

थायरॉक्सिनच्या वजनात ६५ टक्के आयोडीन असतं. आयोडीनला घाबरून मीठ बदललेली मंडळी रोज सकाळी थायरॉईडची, म्हणजे थायरॉक्सिनचीच, गोळी घेतात, तीही आयोडीनच गिळतात. एवढं मात्र खरं, की काही जणांना अतिरेकी आयोडीन बाधतं. तो प्रश्न डॉक्टरांना विचारावा, ग्रुपला नाही.

हे सगळं आपल्याच देशात सिद्ध झालंय. १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागात साधंच ठेवलं. आयोडीनच्या भागांत गलगंड ठळकपणे घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तो इतका पोचला, की आज शहरातल्या तरुणांना गलगंड कसा दिसतो हेही माहीत नाही, आणि सैंधवाचं फावलं ते त्यामुळेच.

खरी काळजी गळ्याची नाहीच. गर्भाची स्वतःची ग्रंथी नीट कामाला लागायला चार-पाच महिने जातात. तोवर बाळाच्या मेंदूची घडण आईच्या टी-४ वर चालते. तुटवडा सौम्य असेल तर आईचा गळा फुगत नाही, मूलही दिसायला ठीक जन्मतं. पण बुद्धीची वाढ थोडी मागे राहू शकते. कुठल्याही सोनोग्राफीत ते दिसत नाही.

उपासाच्या दिवशी सैंधव खुशाल वापरा. रोजच्या डब्यात मात्र आयोडीनयुक्त मीठच, झाकण घट्ट लावून. सैंधवच हवं असेल तर पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय का बघा, तसंही मिळतं. आणि दोन्ही कमीच खा: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे, ज्यात पापड-लोणचं-फरसाणही आलं.