महायुद्धात गेलेल्या सैनिकाचे नाव अधिकृत नोंदीत कसे घालायचे? पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

"पणजोबा बसऱ्याला लढले होते," एवढेच घरात ठाऊक असते. ट्रंकेच्या तळाशी एक पदक, गावाबाहेर एक मातीचा उंचवटा, त्यावर ना दगड ना नाव. अशा सैनिकाची अधिकृत नोंद शंभर वर्षांनंतरही करता येते. हे काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन करते. कमिशन १९१७ साली स्थापन झाले. त्याच्या सहा सदस्य देशांपैकी भारत एक आहे. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही. एजंट म्हणून कोणी पुढे आलाच, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आधी नाव खरेच राहिले आहे का, ते पाहा

कमिशनच्या संकेतस्थळावर शोध-यादी आहे. घरचे लोक नाव घालून बघतात, सापडत नाही आणि सोडून देतात. तिथेच चुकते. इंग्रज कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले, आडनाव बहुतेकदा गाळले. म्हणून नुसत्या नावावर थांबू नका. अनेक भारतीय नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा असतो, त्यावरून शोधा. जिल्ह्याचे नाव जुने घाला: रायगड नव्हे, कुलाबा. मराठा रेजिमेंट शोधताना स्पेलिंगमध्ये 'एम-ए'नंतर लगेच 'एच' हवा, तेव्हा तसेच लिहीत.

इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाचा फोटो पाहून निराश होऊ नका. तिथे अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांचा मात्र रेजिमेंटनिहाय नुसता आकडा. ही वागणूक सरसकट होती, असे कमिशनच्याच एप्रिल २०२१ च्या अहवालात मान्य केले आहे: पहिल्या महायुद्धातले सुमारे ४५,००० ते ५४,००० मृत, त्यांत भारतीय मोठ्या संख्येने, इतरांच्या बरोबरीने स्मरले गेले नाहीत आणि किमान १,१६,००० जणांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तच्या लोकांची, नावानिशी नोंदच झाली नाही. स्मारकावर नाव नसले तरी यादीत असू शकते. तसे असेल तर प्रश्न फक्त चूक दुरुस्तीचा उरतो आणि ते काम पुष्कळ सोपे आहे.

पात्रता ठरते मृत्यूच्या तारखेवर

बहुतेक अर्ज इथे अडतात. सैनिक किती शूर होता, कुठे लढला, याला इथे महत्त्व नाही. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात झालेला हवा. मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, परतून १९६२ साली वारलेले आजोबा यात बसत नाहीत, कितीही पदके असोत.

या मुदतीत आणि नोकरीत असताना मृत्यू झाला असेल, तर कारण विचारले जात नाही. गोळी, पटकी, इन्फ्लुएन्झा, रेल्वे अपघात, सगळे चालते. लढणारा शिपाईच हवा असेही नाही. खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, लेबर कोअरचे मजूर हेही सैन्यातच धरले जातात.

खरी कसोटी सेवामुक्त होऊन घरी आलेल्याची. त्याचा मृत्यू मुदतीत झाला, एवढे पुरत नाही. तो नोकरीत झालेल्या जखमेमुळे किंवा आजारामुळे झाला, हे कागदावर दाखवावे लागते. बिनखुणेच्या थडग्यातला माणूस बहुधा याच गटातला असतो: आजारी होऊन परतला, गावात गेला, युनिटला पत्ताही नाही.

कागद कुठून आणायचे

पहिला, नोकरीचा पुरावा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनची ऑर्डर, रेजिमेंटचे पत्र. काहीच नसेल तर पदक उजेडात तिरके धरून कड भिंगातून वाचा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट ठोकलेले असते. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असलेले पदक चांदीऐवजी ब्राँझचे निघाले, तर माणूस बहुधा लेबर कोअरचा किंवा फॉलोअर, म्हणजे सैन्यासोबतचा न लढणारा नोकर. आणि हो, पदक आधी घासूनपुसून चकचकीत करू नका. अक्षरे झिजतात. नंबर हाती आला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावच्या सेंटरला लिहा.

दुसरा, मृत्यूचा पुरावा. कुणबी नोंदींच्या निमित्ताने गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही असलेले कोतवाल बुक, आता घराघरात माहीत झाले आहे. तेच इथेही कामाला येते. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून प्रमाणित नक्कल घ्या. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि इंग्रजी भाषांतर जोडा.

तिसरा, सेवामुक्तांसाठी, कारणाचा पुरावा. कोतवाल बुकात नुसते 'ताप' लिहिलेले असेल तर तेवढ्यावर भागत नाही. वैद्यकीय कारणावरून कमी केल्याचा शेरा किंवा विधवेला मिळालेल्या फॅमिली पेन्शनचा कागद मोलाचा ठरतो.

हे कागद एकाच माणसाचे आहेत, हे तुम्हालाच जुळवून दाखवावे लागेल. पदकावर 'रामजी', कोतवाल बुकात 'रामा बिन सखाराम', वंशावळीत 'रामचंद्र'. अर्जात हा फरक लपवू नका. एका पानावर स्वच्छ मांडा.

अर्ज आणि पुढे

नोंद राहून गेल्याची माहिती संकेतस्थळावरून कमिशनकडे पाठवायची, सोबत कागदांचे स्कॅन. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. कमिशन पुरावे तपासते. सैनिक नियमात बसतो का, याचा निर्णय संबंधित देशाची अधिकृत यंत्रणा देते. वेळ लागतो, महिनोन्महिने.

मान्यता मिळाली की नाव यादीत चढते. दगडाचा प्रश्न वेगळा. थडगे नेमके हेच, असे ठरले आणि जागेच्या मालकाने किंवा दफनभूमीच्या व्यवस्थापनाने परवानगी दिली, तरच तिथे खूण उभारता येते. त्यामुळे गावातल्या वयस्करांकडून जागा आत्ताच दाखवून घ्या, फोटो काढा, सातबारा पाहून ठेवा. दहन झाले असेल किंवा जागा सापडत नसेल, तर नाव स्मारकावर किंवा स्मरणनोंदीत जाते. ते कमी प्रतीचे समजू नका. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. त्यांचेही थडगे नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे.

तारखेमुळे अपात्र ठरलेल्यांसाठी हा मार्ग बंद आहे. गावच्या वेशीवर किंवा शाळेत नामफलक लावायचा असेल, तर ग्रामसभेचा ठराव घ्या. मजकुरात नंबर आणि युनिट पदकाच्या कडेवर आहे तसेच उतरवा.