कलम ५०४ : कायदा झाला होता, पण चार वर्षं अडला होता

अमेरिकेतल्या अपंगांच्या हक्कांचा विषय निघाला की बहुतेक जण १९९० च्या एडीए, म्हणजे अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यापासून सुरुवात करतात. पण खरी लढाई त्याच्या बरीच आधीची आहे, आणि ती झाली एका वाक्यावरून. १९७३ साली तिथे पुनर्वसनाचा एक कायदा झाला, त्याच्या आधीच्या दोन मसुद्यांना राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हेटो केला होता. या कायद्याच्या पार शेवटी कलम ५०४ होतं, आणि त्याचा अर्थ असा की केंद्र सरकारचा पैसा जिथे जिथे जातो तिथे कुठेही अपंग माणसाला केवळ अपंग आहे म्हणून वगळता येणार नाही, भेदभाव करता येणार नाही. बस, एवढंच. काळ्या लोकांनी झगडून मिळवलेल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातली भाषा खासदारांच्या स्टाफने जवळपास तशीच इथे आणून ठेवली, आणि त्यावर फारशी चर्चाही झाली नाही.

तोपर्यंत परिस्थिती काय होती तर शिकागोमध्ये 'विद्रूप' दिसणाऱ्या माणसाने रस्त्यावर लोकांच्या नजरेला पडू नये असा नियम चक्क १९७४ पर्यंत कागदावर होता. ज्युडी ह्यूमन लहानपणी पोलिओमुळे व्हीलचेअरवर आली, तिला शाळेने प्रवेश नाकारला, कारण काय तर आग लागली तर तुझी खुर्ची धोक्याची. तीच मुलगी शिकून शिक्षिका व्हायला निघाली तर न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने चालता येत नाही म्हणून लायसन्स दिलं नाही, मग तिने १९७० मध्ये कोर्टात जाऊन ते मिळवलं. दुसरा एड रॉबर्ट्स. मानेखाली जवळजवळ हालचाल नाही, झोपायला आयर्न लंग, म्हणजे श्वास चालू ठेवणारं पिंपासारखं मोठं यंत्र लागायचं, १९६२ मध्ये बर्कलीला शिकायला गेला तर त्याला ठेवायला जागा सापडली ती विद्यापीठाच्या हॉस्पिटलात. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने हा काही काम करू शकणार नाही असं ठरवून टाकलं होतं, १९७५ मध्ये तो त्याच खात्याचा प्रमुख झाला! मला ही माणसं फार मोठी वाटतात, कारण त्यांनी कधी दया मागितली नाही, त्यांचं म्हणणं एवढंच की दार सगळ्यांसाठी आहे तर ते आम्हालाही उघडलं पाहिजे.

घोडं कुठे अडलं, तर ५०४ ची अंमलबजावणी कशी करायची याचे नियम आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या मंत्र्याने सही करून काढायचे होते. नियमच नाहीत तर कॉलेजला रॅम्प बांध म्हणून सांगणार कोण? वर्षं गेली, १९७६ मध्ये कोर्टाने नियम काढा म्हणून सांगितलं तरी सही नाही. १९७७ ला कार्टर सरकार आलं, नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो म्हणाले मला अभ्यासाला वेळ हवा, आणि इकडे लोकांना भीती की अभ्यासाच्या नावाखाली नियमांतला जीवच काढून घेणार.

मग ५ एप्रिल १९७७ ला वेगवेगळ्या शहरांत आंदोलन झालं. वॉशिंग्टनमधल्या ठिय्यावाल्यांना खायला काही मिळू दिलं नाही, ते साधारण एका दिवसातच संपलं. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र सुमारे दीडशे लोक सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर घुसले आणि हललेच नाहीत. विचार करा, यात कुणाला रात्री कूस बदलायला माणूस लागतो, नाहीतर अंगाला जखमा होतात. कुणाला लघवीसाठी कॅथेटरची नळी, कुणाला ठरलेल्या वेळी औषध. बरेच जण आपला मदतनीस बाहेर ठेवून आत आले होते, तर आत ज्याचे हात चालतात त्याने दुसऱ्याला भरवायचं, उचलायचं. औषधं गार ठेवायला एसीच्या तोंडाशी चिकटपट्टीने खोका लावून फ्रिज केला. फोन तोडले तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहून खालच्या लोकांशी खुणांच्या भाषेत बोलायला लागले, ते कोण बंद करणार?

आणि जेवण कुठून आलं, तर शेजारच्या ओकलंड शहरातून, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीकडून. त्यांचा एक सदस्य ब्रॅड लोमॅक्स स्वतः व्हीलचेअरवर आत होता, त्याचा मदतनीस चक जॅक्सनसुद्धा पँथरच. रोज गरम जेवण यायचं, सगळ्यांसाठी. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी गाद्या आणि आंघोळीसाठी नळ्या पाठवल्या. किती वेगवेगळ्या लोकांनी हात लावला बघा, मला वाटतं हे आंदोलन टिकलं ते यामुळेच, आणि सगळं आतून बांधून ठेवणारी किटी कोन होती, तिला स्नायूंचा आजार, तिचं नाव फार कमी घेतलं जातं याचं वाईट वाटतं.

पुढे यातली काही मंडळी वॉशिंग्टनला गेली. तिथे व्हीलचेअर चढेल असं वाहन मिळेना म्हणून मशीनिस्ट कामगारांच्या युनियनने सामानाचा ट्रक भाड्याने घेऊन दिला, आणि बंद अंधाऱ्या ट्रकच्या मागच्या भागात खुर्च्यांसकट बसून ही माणसं मंत्र्याच्या घरासमोर जाऊन उभी राहिली. २८ एप्रिलला कॅलिफानोंनी सही केली, नियम पातळ न करता. ३० तारखेला सॅन फ्रान्सिस्कोतले लोक बाहेर आले.

अर्थात ५०४ पुरेसं नव्हतं. सरकारी पैसा घेणारं कॉलेज, हॉस्पिटल त्यात आलं, पण खाजगी दुकान, हॉटेल, थिएटर बाहेरच राहिलं. त्यासाठी आणखी तेरा वर्षं गेली. १२ मार्च १९९० ला लोकांनी खुर्च्या आणि कुबड्या खाली सोडल्या आणि संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले, त्यात जेनिफर कीलन नावाची आठ वर्षांची मुलगी होती. २६ जुलैला एडीएवर सही झाली. त्या कायद्यात नोकरी देणाऱ्याने 'वाजवी सोयीसुविधा' द्यायच्या असं जे आहे ना, ती कल्पना थेट त्याच नियमांतून आली जे काढायला चार वर्षं कुणी तयार नव्हतं.